दापोलीहून पुढे निघताना

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. अलिबागहून कन्याकुमारीला निघालेली तू तिसऱ्याच दिवशी दापोलीत मामांच्या पडवीत सायकल लावून बसने घरी परतलीस, आणि आता घरच्यांपेक्षा तूच स्वतःला अधिक बोल लावते आहेस, हे वाचून वाईट वाटले. मागच्या चाकाच्या दोन तारा तुटल्या, गुडघा पुढच्या बाजूने दुखू लागला आणि दुपारच्या उन्हात गळून गेल्यासारखे झाले, असे तू लिहितेस. या तिन्ही तक्रारींची कारणे तुझी सायकल, तुझे सामान आणि तुझा वेग यांत आहेत. मला त्यांत तुझ्या जिद्दीची उणीव कुठेही दिसत नाही.

तारा खराब रस्त्यामुळे तुटल्या, असे तुला वाटते. रस्ता खराब होताच, पण नीट ताणलेल्या तारा तेवढ्याने सहसा तुटत नाहीत. सैल तार चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला थोडी ढिली पडते, पुन्हा ताणली जाते, आणि असे हजारो वेळा झाले की हबजवळ, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाजवळ, जिथे ती वाकलेली असते तिथे धातू थकून तुटतो. त्यात तुझे सगळे सामान मागच्या कॅरिअरवर होते आणि अंगाचे बरेचसे वजनही मागच्याच चाकावर पडते. म्हणून जाणत्या कारागिराकडून ते चाक नव्या तारांनी पुन्हा बांधून घे, कारण दोन तुटल्या म्हणजे बाकीच्याही त्याच वाटेवर असतात. गेअरच्या बाजूच्या आणि दुसऱ्या बाजूच्या तारांची लांबी बहुधा वेगळी असते. दोन्ही मापांच्या दोन-दोन तारा फ्रेमला चिकटपट्टीने बांधून ठेव. गेअरच्या बाजूची तार बदलायला आधी गेअरचक्र काढावे लागते आणि त्याचा पाना गावातल्या दुकानात असेलच असे नाही, तेव्हा तोही जवळ असू दे. रस्त्यातच तार तुटली तर तिच्या दोन्ही शेजारच्या तारा अर्धा-अर्धा आटा सैल कर. चाकाचा आउट, म्हणजे फिरताना दोन्ही बाजूंना डोलणे, कमी होतो आणि पुढच्या गावापर्यंत सावकाश जाता येते.

गुडघा पुढून दुखतो तेव्हा पहिला संशय सीट खाली असल्याचा घ्यावा. पॅडल अगदी खाली असताना त्यावर टाच टेकवली, तर पाय सरळ झाला पाहिजे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तू चढावर जड गेअर रेटत होतीस. कोकणातला सागरी रस्ता खाडीपर्यंत उतरतो, तुला फेरीबोटीत बसवतो आणि पलीकडच्या जेटीपासून लगेच वर चढू लागतो. आगरदांडा-दिघी आणि बागमांडला-वेश्वी तू ओलांडलेस. पुढे दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड आहेत. बोटीत आखडलेले पाय घेऊन एकदम चढाला भिडू नकोस. सर्वांत हलका गेअर टाक, पाय भराभर फिरू देत, आणि दम लागला तर सायकल हातात धरून चाल. त्यात काहीही कमीपणा नाही. मात्र गुडघ्याला सूज असेल तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवल्याशिवाय निघू नकोस. उन्हासाठी पहाटे निघणे, अकराच्या आत दिवसाचा मोठा टप्पा उरकणे आणि पाण्यात मीठ-साखर घालणे एवढे पुरे आहे.

तू पुन्हा अलिबागपासून, पहिल्यापासून सुरुवात करणार म्हणतेस. ते मला पटत नाही. दापोलीपर्यंतचा रस्ता तू स्वतःच्या पायांनी कापला आहेस. मोडलेल्या चाकाने तो पुसला जात नाही. 1923 साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रदक्षिणेला निघाले. निरनिराळ्या टप्प्यांवर तिघे बाजूला झाले, पण आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगारा पुढे जात राहिले आणि 1928 मध्ये मुंबईला परतले. अर्धे साथीदार सुटल्यावर प्रवास पहिल्यापासून करावा असे त्यांना वाटले नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. अखंड प्रवासाचा आग्रह बहुतेक वेळा दुसऱ्यांना सांगण्यासाठी असतो. तुला कन्याकुमारी गाठायची आहे ना? मग दापोलीहूनच नीघ.

सामान मात्र निम्म्यावर आण. तीन जोड कपडे आणि जाड चादर कोकण-केरळच्या हवेत कशाला हवी? जे उरेल त्यातले जड ते कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना, शक्य तितके खाली बांध. पहिले चार दिवस रोज पन्नास किलोमीटरपेक्षा जास्त जाऊ नकोस, अंगात बळ वाटले तरीही. सांधे आणि स्नायूबंध दमापेक्षा उशिरा तयार होतात. आईला रोज संध्याकाळी मुक्कामाचे गाव कळव.

चाक बांधून झाले की निघण्यापूर्वी मामांच्या गल्लीत सामानासह एक लांब फेरी मार आणि तारा पुन्हा एकदा तपासून घे, कारण नव्या तारा पहिल्या भारानंतर थोड्या बसतात. आउट किती राहिला ते मला लगेच कळव. एक-दोन मिलिमीटरच्या आत असेल तर दुसऱ्या दिवशी दाभोळची सकाळची फेरीबोट धरायला हरकत नाही.

तुझा,
शुभचिंतक