काट्याविना मोटारीचे वजन

प्रश्न : वजनकाट्यावर न नेता मोटारीचे वजन घरच्या घरी अजमावता येते का?

उत्तर : येते, कारण गाडीचा भार मुख्यत्वे टायरमधील हवेचा दाबच पेलत असतो. गाडी सपाट फरशीवर उभी करून प्रत्येक टायरखाली पुढून, मागून आणि दोन्ही बाजूंनी कागद अडेपर्यंत सरकवावा; समोरासमोरच्या कागदांमधील अंतरे म्हणजे जमिनीवर टेकलेल्या ठशाची लांबी-रुंदी. हवा भरणाऱ्याच्या गेजवर ३२ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाब दिसला, तर तो दर चौरस सेंटिमीटरला साधारण २.२५ किलो होतो. ठसा १४ बाय ९ सेंटिमीटर, म्हणजे १२६ चौरस सेंटिमीटर असेल, तर त्यास या दाबाने गुणून त्या चाकावर सुमारे २८३ किलो भार आहे. एका चाकाची चौपट मात्र मुळीच करू नये, कारण इंजिन पुढे असलेल्या गाडीत पुढची चाके अधिक भार वाहतात. चारही स्वतंत्र मोजून बेरीज करावी. ठशाचे कोपरे गोलसर असल्याने उत्तर थोडे फुगते, तर टायरच्या ताठ भिंतीही काही भार उचलत असल्याने ते थोडे घटते, म्हणून यास अंदाजच मानावे. आरसी पुस्तकातील वजनाशी ताळा अवश्य पाहावा. तेथे मात्र रिकाम्या गाडीचे वजन असते, डिकीतील सामान त्यात धरलेले नसते.