गुहागरच्या प्रेमात पडलायस? आधी जुलै बघ

अरे डिसेंबरात कोकणात आलास, मोकळा किनारा, खानावळीत सोलकढी, प्रेमात पडणारच की, एवढी वर्षं परदेशात काढल्यावर तर जास्तच. पण जागा घ्यायला लगेच टोकन देऊ नकोस. अख्खा जुलै भाड्याने राहून बघ, लाईट जाते, नेट जातं, कपडे वाळत नाहीत, आणि गंमत म्हणजे एवढा धो धो पाऊस पडूनही मे महिन्यात विहिरी तळ गाठतात कारण जांभ्या दगडातून पाणी झिरपून समुद्राला जातं. म्हणजे मे पण बघच.

आता मेन गोष्ट, जमीन. एनआरआय किंवा ओसीआय (म्हणजे परदेशी नागरिक झालेला मूळचा भारतीय) असशील तर शेतजमीन, बागायत, फार्महाऊस विकत घेता येत नाही, वारशाने आली तर वेगळं. कायमचा परत आलास तरी महाराष्ट्रात शेतकरी असल्याचा पुरावा लागतो. एजंट "होऊन जाईल साहेब" म्हणतोच, त्याचं काय जातंय. बिनशेती प्लॉट बघ, सीआरझेड, म्हणजे किनाऱ्याजवळच्या बांधकामाचे नियम, तपास, आणि सातबारा नीट वाच, एकेकावर ढीगभर नावं असतात, निम्मे लोक मुंबईला, एक सही राहिली की अडकलास. म्हणून गणपतीत ये, भाऊबंद सगळे गावात असतात, बोलणी तेव्हाच होतात.