पलटणीतून आलेल्या पत्रांवर हक्क कोणाचा?

प्रश्न : मी करवीर तालुक्यातली, वय ७२. १९७१ साली मी मॅट्रिक झालेली मुलगी होते. आमच्या गल्लीतली बरीच पोरं फौजेत होती आणि त्यांच्या आयांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची पत्रं मी लिहायची, आलेली वाचून दाखवायची. त्यातल्या एका जवानाची आणि माझी वेगळी पत्रं सुरू झाली. डिसेंबर १९७१ मध्ये तो लढाईत कामी आला. त्याचं लग्न झालेलं नव्हतं. पुढे माझं लग्न झालं, संसार झाला. त्याची पत्रं आणि आयांनी माझ्याकडे ठेवलेली पत्रं अजून माझ्या ट्रंकेत आहेत. आता त्याचा पुतण्या स्मरणिका काढतोय. ‘पन्नास वर्षं झाली, आता तुमचा काही हक्क नाही, काकांची सगळी पत्रं आठ दिवसांत द्या’ म्हणतो. काकांच्या पेटीतून घरी आलेली माझी पत्रं त्याच्याकडे आहेत, तीही छापणार म्हणतो. मला ती छापलेली नको आहेत. नातीला मात्र वाटतं की फौजींची पत्रं लोकांपुढे यावीत. मी काय करू?

मावशी, तुमची सगळ्यात मोठी धास्ती आधी काढून टाकते. तुम्ही लिहिलेली पत्रं तुमच्या परवानगीशिवाय त्याला छापता येणार नाहीत. स्मरणिकेत नाही, चौकातल्या फ्लेक्सवर नाही आणि गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही नाही. पेटी त्यांच्या घरी आली म्हणून कागद त्या घरचे झाले असतील, पण त्यावरचा मजकूर तुमचाच आहे.

पत्र पाठवलं की कागद ज्याच्या नावे पाठवला त्याचा होतो, मजकुरावरचा हक्क लिहिणाऱ्याकडे राहतो. इंग्लंडच्या न्यायालयाने पोप विरुद्ध कर्ल या खटल्यात १७४१ सालीच हा फरक केला होता. आपला १९५७चा कॉपीराइट कायदाही तेच मानतो. कलम १७ प्रमाणे लिहिणारा हा पहिला मालक, आणि मजकूर पहिल्यांदा लोकांपुढे आणायचा की नाही हे ठरवण्याचा अधिकारही त्याचाच. साहित्यकृती म्हणजे नामवंत लेखकाचं पुस्तकच असलं पाहिजे असं नाही. मॅट्रिक झालेल्या मुलीने स्वतःच्या मनचं लिहिलेलं पत्रही त्यात बसतं.

तरीही तो छापायला निघाला, तर कलम ६२ प्रमाणे तुम्ही राहता तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो. म्हणजे कोल्हापुरात कसबा बावड्यातच तात्पुरत्या मनाई हुकमाचा अर्ज करता येईल. कायद्यात कैदेची तरतूदही आहे, पण सुरुवात तिथून करू नका. मुलगा आपल्या शहीद काकाचं नाव राहावं म्हणून धडपडतोय. तो चुकीच्या दाराने आत शिरतोय एवढंच.

आता दुसरी बाजू. ती तुमच्या नातीला आवडणार नाही. त्या जवानाने तुमच्या नावे पाठवलेली पत्रं कागद म्हणून तुमची आहेत, ती परत करण्याचं कायदेशीर बंधन तुमच्यावर नाही. पण नातीलाही ती परस्पर छापता येणार नाहीत, कारण तो मजकूर त्याचा, आणि त्याच्यामागे त्याच्या वारसांचा. पन्नास वर्षं झाली म्हणून हक्क संपला, हे पुतण्याचं म्हणणं कोणाच्याच पत्रांना लागू पडत नाही. लेखकाच्या हयातीत न छापलेल्या लेखनाची साठ वर्षांची मुदत कलम २४ प्रमाणे ते पहिल्यांदा प्रसिद्ध झाल्यावर सुरू होते. ती अजून सुरूच झालेली नाही.

मग परवानगी मागायची कोणाकडे? पुतण्या सांगतोय तितकं हे सोपं नाही. जवान अविवाहित गेला. १९७१ मध्ये त्याची आई हयात असेल आणि त्याने मृत्युपत्र केलेलं नसेल, तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे त्याचं सगळं एकट्या आईकडे गेलं, कारण आई पहिल्या वर्गातली वारस आणि वडील दुसऱ्या. आई मृत्युपत्र न करता वारली असेल, तर तिच्यामागे तिचे पती हयात असल्यास ते, मुलगे आणि मुली, सगळे सारखे वाटेकरी. म्हणजे जवानाच्या बहिणीही आल्या. पुतण्याचे वडील हयात असतील तर पुतण्याचा आज काहीच हक्क नाही, सही वडिलांची लागेल. ‘आत्यांनी केव्हाच हक्कसोड दिलाय’ असं तो म्हणेल. आपल्याकडे बहुतेक घरांत ते झालेलंच असतं. पण ते हक्कसोडपत्र काढून वाचा. त्यात गट नंबर असतील, आकार असेल, चतुःसीमा असतील. भावाच्या पत्रांचा त्यात उल्लेख नसेल, तर त्यांवरचा बहिणींचा हक्क सुटलेला नाही. सातबाऱ्यावरची वारसनोंद किंवा पलटणीच्या कागदांतलं नॉमिनी म्हणून नाव, यानेही मालकी ठरत नाही.

आयांच्या गठ्ठ्याकडे मात्र बारकाईने बघावं लागेल. ट्रंक उघडा आणि प्रत्येक निळ्या आंतरदेशीय पत्राची पत्त्याची बाजू पाहा. ‘मार्फत ५६ ए.पी.ओ.’ म्हणजे फौजेचं टपाल कार्यालय, ही पाठवणाऱ्याची बाजू. पलीकडे नाव कोणाचं आहे? आईचं असेल तर कागद त्या आईचा, आज तिच्या वारसांचा. मग तुमच्याकडे ते कोणत्या नात्याने आहे? ‘तुलाच राहू दे पोरी’ म्हणून देऊन टाकलं असेल तर ते बक्षीस. अशा वस्तूचं बक्षीस नुसतं हातात दिल्यानेही पूर्ण होतं. ‘माझ्या घरी गळतंय, तुझ्याकडं ठेव’ म्हणून दिलं असेल तर ती ठेव. ठेवीला पन्नास वर्षांनी मुदतीचा बाध येतो असं समजू नका. मुदत कायद्याच्या अनुच्छेद ७० प्रमाणे मागणी केल्यावर तुम्ही नकार द्याल, त्या दिवसापासून तीन वर्षं मोजतात. म्हणून रागाच्या भरात ‘देत नाही, जा’ असं लिहून देऊ नका. आधी कोणत्या आईने केव्हा आणि काय म्हणून दिलं, ते आठवेल तसं एका वहीत लिहून काढा. हे आज फक्त तुम्हीच सांगू शकता. पुतण्याला मात्र त्याच्या आजीच्या नावच्या पत्रांपलीकडे या गठ्ठ्यात काही मागता येणार नाही.

ज्यांनी ही पत्रं लिहिली त्यातले काही फौजी निवृत्त होऊन गावातच असतील. त्यांची परवानगी त्यांच्याकडूनच घ्या.

आयांसाठी तुम्ही लिहिलेल्या पत्रांचं काय, असंही नात विचारेल. आईने शब्द न् शब्द सांगितला आणि तुम्ही उतरवला असेल तर लेखक आई. पण आई नुसतं ‘म्हस व्यालीया म्हणावं, काळजी करू नगं’ एवढंच म्हणाली आणि त्यातून पानभर पत्र तुम्ही जुळवलंत, तर ती शब्दरचना तुमची. कॉपीराइट सांगितलेल्या गोष्टीवर नसतो, ती ज्या शब्दांत मांडली त्या शब्दांवर असतो.

पत्रात पलटणीचा ठावठिकाणा, हालचाली, मोर्चाचं वर्णन असेल तर ते छपाईतून वगळा. १९२३च्या शासकीय गुपिते कायद्यात ‘इतक्या वर्षांनी चालतं’ अशी मुदत नाही. गल्लीतल्या कोणाच्या घरातल्या भानगडी असतील तर त्याही वगळा.

माझं मत विचाराल तर हे प्रकरण कोर्टात नेण्यासारखं नाही. दोन्हीकडे अडलेलं आहे : त्याचे शब्द तुमच्या ट्रंकेत, तुमचे त्याच्या घरात. एकमेकांच्या परवानगीशिवाय कोणालाच पाऊल टाकता येत नाही, म्हणून समझोत्याला जागा आहे. तुमच्या पत्रांच्या मूळ प्रती त्याने तुम्हाला द्याव्यात. त्याच्या काकांची जी पत्रं तुम्ही निवडाल त्यांच्या प्रती तुम्ही त्याला द्याव्यात, आणि त्या छापायला सगळ्या वारसांनी लेखी संमती द्यावी. तुमचं नाव स्मरणिकेत येणार नाही, ही अट त्यातच घाला. संमतीत मुदत आणि क्षेत्र लिहा, नाहीतर कायदा पाच वर्षं आणि फक्त भारत एवढंच धरतो.

वारसांचं जमलं नाही, तर नातीला आणखी एक वाट आहे. लोकांना खुल्या असलेल्या ग्रंथालयात किंवा पुराभिलेखागारात ठेवलेलं अप्रकाशित लेखन, लेखकाच्या मृत्यूला साठ वर्षं झाल्यावर प्रकाशनासाठी उतरवून घेता येतं. या जवानाच्या बाबतीत ते डिसेंबर २०३१ नंतर. कोल्हापुरात पुराभिलेखागार आहे, शिवाजी विद्यापीठाचं ग्रंथालय आहे. कागद तुमचे असल्यामुळे दान तुम्ही करू शकता. आपल्या हयातीत कोणाला दाखवू नयेत, अशी अट दानपत्रात घालून ते घेतील का, हे आधी विचारा.

आठ दिवसांच्या आत पुतण्याला एवढंच कळवा : ‘माझ्या हातची पत्रं छापण्यास माझी परवानगी नाही. तुमच्या काकांची पत्रं माझ्याकडे सुरक्षित आहेत. ती कशी छापता येतील यावर तुमच्या वडिलांसह आणि आत्यांसह बसून बोलण्यास मी तयार आहे.’ हे स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती ठेवा. बैठकीला जाताना मूळ पत्रं नेऊ नका. दोन्ही बाजूंचे फोटो काढून त्यांच्या छापील प्रती न्या. मूळ पत्रांना लॅमिनेशन किंवा चिकटपट्टी लावू देऊ नका. स्मरणिका छपाईला जाण्याआधी ही बैठक व्हायला हवी, तेव्हा हे याच आठवड्यात करा.