सगळं बिल केसांच्या गोळ्यावर फाडू नका

होळी झाली, ऊन तापलं, मांजरांचे केस झडायला लागले की माझ्याकडे एकाच छापाचे प्रश्न येतात, ‘डॉक्टर, मांजर ओकायलंय, केसांचा गोळा असंल काय ओ?’ असेल की. नसेल पण. गोळा बाहेर पडलेला तुम्ही स्वतः बघितलाय काय, एवढंच मी उलट विचारतो आणि निम्मे जण तिथंच गप्प होतात. बेळगाव काय, खानापूर काय, निपाणी काय, सगळीकडे हाच घोळ आहे, म्हणून आज एकदमच उत्तरं देतोय.

प्रश्न, टिळकवाडी: आमची पर्शियन मांजर दोन वर्षांची आहे, दीड-दोन महिन्यांतून एकदा केसांचा लांबट गोळा टाकते. बाकी मस्त खाते, खेळते. घाबरायचं काय?

उत्तर: नाही. रोज विंचरा. मांजराच्या जिभेवर मागे वळलेले बारीक काटे असतात, तिनं हात चाटला की खरखर लागते ते हेच, त्यामुळं जिभेला लागलेला केस तिला थुंकता येत नाही, गिळावाच लागतो. बहुतेक केस शीवाटे जातात, राहिलेले पोटात गुंततात आणि अन्ननलिकेतून पिळून वर येताना गोळा बोटासारखा लांबट होतो. लांब केसांच्या जातीत हे अधूनमधून होणारच. आठवड्याला एक पडायला लागला तर मात्र दाखवायला आणा. आणि केसांचे गुंते घरी कात्रीनं कापू नका, मांजराची कातडी पातळ असते, केसाबरोबर तीही कात्रीत येते, मग टाके घालायला माझ्याकडंच यावं लागतं.

प्रश्न, अनगोळ: दूध दिलं की थोड्या वेळात ओकतंय.

उत्तर: दूध बंद करा.

प्रश्न, अनगोळ (हे दुसरे): पेट शॉपवाल्यानं ४५० रुपयांची माल्ट पेस्ट दिलीय, रोज द्या म्हणाला. दोन महिने झाले देतोय, तरी आठवड्यातून तीनदा ओकतेच. कंपनी बदलू काय?

उत्तर: कंपनी कशाला बदलताय, आधी मांजर तपासून घ्या की. त्या ट्यूबमध्ये असतं काय, माल्टचा अर्क, कसलं तरी तेल, काहींत पेट्रोलियम जेली. केस घसरून पुढे जावेत एवढंच त्याचं काम. खरोखर केसाचाच त्रास असेल, तर चार दिवस द्यायला माझी हरकत नाही, पण आतड्याला सूज असेल, जंत असतील, किडनी दुखावली असेल तर पेस्ट काय करणार? ट्यूबवर मांजराचा हसरा फोटो आहे म्हणून ते औषध होत नाही. आठवड्यातून तीनदा ओकणं ही मांजराची सवय नव्हे, मांजरं ओकतातच की असं म्हणून लोक वर्षवर्ष काढतात. दोन महिन्यांत वजन किती उतरलं बघा (तुम्ही तिला घेऊन काट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा, वजाबाकी करा), आणि रक्ततपासणी, गरज पडली तर सोनोग्राफी करून घ्या.

प्रश्न, खानापूर तालुका: शेजारच्या आजीनं सांगितलं म्हणून मी दोन चमचे एरंडेल तोंड उघडून पाजवलो. केस काय पडले नाहीत, आता मांजर खोकायलंय, जोरात श्वास घ्यायलंय.

उत्तर: हे वाचत बसू नका, आत्ता उठा आणि जवळच्या जनावरांच्या दवाखान्यात जा. सरकारी असला तरी चालेल, ते म्हशीच बघतात असं समजू नका. जबरदस्तीनं ओतलेलं तेल घशातून श्वासनलिकेत उतरतं, तिथं कधीकधी ठसकासुद्धा नीट लागत नाही आणि मग न्यूमोनिया. एरंडेल, खोबरेल, तूप, पॅराफिन, सगळ्याला हेच लागू. आजींना माझा नमस्कार सांगा.

प्रश्न, कॅम्प: बोका मधूनमधून जमिनीला चिकटून बसतो, मान पुढं ताणून खाक-खाक करतो, आता गोळा पडणार असं वाटतं पण पडत काहीच नाही. सहा महिने झाले.

उत्तर: सहा महिन्यांत एकदाही गोळा पडला नाही, म्हणजे तो गोळा नव्हेच. ओकताना मांजराचं पोट भात्यासारखं आत-बाहेर होतं. तुम्ही सांगताय तो खोकला वाटतोय, आणि मांजरांना माणसासारखाच दमा होतो हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. घरात अगरबत्ती, धूप, डासांची कॉइल, सिगरेट काय काय चालतं ते बघा, महिनाभर धूर बंद ठेवा. पण नुसतं तेवढ्यावर थांबू नका, मोबाइलवर व्हिडिओ काढून डॉक्टरला दाखवा, दवाखान्यात आल्यावर मांजर साळसूद बसतं, एकदाही खोकत नाही. तोंड उघडं टाकून श्वास घ्यायला लागला, तर रात्र असली तरी उठवा डॉक्टरला.

प्रश्न, निपाणी: पिसवा फार झाल्या म्हणून तंबाखूच्या पाण्यानं आंघोळ घातली. सकाळपासून लाळ गळतेय, तीनदा ओकलं, पाय थरथरतात. चाटून केस पोटात गेले असतील काय?

उत्तर: केस नाही हो, तंबाखू गेलाय. निकोटिन कातडीतूनही आत जातं आणि वर मांजर स्वतःला चाटून उरलेलं पोटात घालतं, म्हणजे दोन्हीकडून विष. कोमट पाण्यानं साध्या सौम्य शाम्पूनं धुवा, कोरडं करा आणि लगेच दवाखाना, थरथर चालू असेल तर धुण्यातही वेळ घालवू नका. तुमच्या गावात तंबाखू घरोघरी आहे म्हणून तो औषध होत नाही. कुत्र्याचं पिसवांचं औषध पण मांजराला लावू नका, त्यात परमेथ्रिन असलं तर झटके येऊन मांजर मरतं. आणि घरात शिल्लक आहे म्हणून पॅरासिटॅमॉलची गोळी तर मुळीच नाही, अर्धीसुद्धा नाही. पिसवांचा बंदोबस्त मात्र कराच, खाज सुटली की मांजर जास्त चाटतं आणि जास्त केस गिळतं, पण मांजराच्या वजनाला चालणारं औषध डॉक्टरकडून लिहून घ्या.

प्रश्न, वडगाव: घरी माग आहे. आठ महिन्यांचं मांजर परवापासून सहा-सात वेळा ओकलं, पाणीसुद्धा टिकत नाही, कोपऱ्यात बसून आहे. सगळे म्हणतात केस अडकलेत. आज शीच्या जागेतून चार बोटं दोरा लोंबतोय. ओढून काढू काय?

उत्तर: ओढू नका. कुणालाही ओढू देऊ नका. (प्रश्न आला त्याच दिवशी फोन करून यांना बोलावून घेतलंय, इथं लिहितोय ते बाकीच्यांसाठी.)

वडगाव, शहापूर, खासबाग हा सगळा मागाचा भाग, घरात कांड्या, रेशीम, जरीची तार, खाली पडलेले तुकडे, आणि मांजराला हलणारा दोरा म्हणजे उंदराची शेपटीच. आता ते जिभेचे काटे आठवा. दोऱ्याचं टोक तोंडात गेलं की मागेच सरकत जातं, थुंकायची सोयच नाही. मग एक टोक जिभेच्या बुडाला अडकतं नाहीतर पोटाच्या तोंडाशी, आणि उरलेला दोरा आतड्यात पुढं जातो. आतडं तो ढकलायला बघतं, दोरा हलत नाही, मग आतडंच दोऱ्यावर गोळा होत जातं, लेंग्याच्या नाडीवर कापड गोळा होतं ना, अगदी तसं. ताणलेला दोरा आतड्याला आतून करवतीसारखा कापतो. बाहेरून तुम्ही एक हिसका दिला की तेच काम एका सेकंदात होतं, आतडं फाटतं, घाण पोटात पसरते.

गेल्या पावसाळ्यात शहापुरातनं एक भुरी मांजर आली होती. चार दिवस पेस्ट चाटवून झाली होती, आमच्यात दोरा कुठं पडत नाही असं मालक शपथेवर सांगत होते. मी हनुवटीखालून अंगठा दाबून जीभ उचलली, तर खाली जिभेला चिरत गेलेली केसाएवढी पिवळी रेघ. जरीची तार होती ती. मालक बघतच राहिले. पोट उघडलं, आतडं तीन ठिकाणी कापून दोरा तुकड्या-तुकड्यानं काढावा लागला. वाचली, पण पहिल्या दिवशी आली असती तर कदाचित जिभेखालचा दोरा सोडवून थोडक्यात भागलं असतं.

हे फक्त मागवाल्यांचं नाही. गजऱ्याचा दोरा, सुईत ओवून ठेवलेला दोरा, चिकनच्या पिशवीची सुतळी (तिला तर वासच येतो), पतंगाचा मांजा, राखी, सगळं झाकणाच्या डब्यात जाऊ दे. लहान वयाचं, खेळकर मांजर अचानक वरचेवर ओकायला लागलं आणि खायचं बंद झालं तर घरी बसून केसांचा विचार करू नका, त्याच दिवशी जीभ उचलून बघणारा आणि एक्सरे काढणारा डॉक्टर गाठा. तुम्ही घरी जीभ उचलायला जाऊ नका, चावतंय.

प्रश्न, चिकोडी: बोका दिवसभर शी-लघवीच्या ट्रेमध्ये जाऊन कण्हतोय, काही होत नाही, दोनदा ओकला. केसानं पोट तुंबलं असेल, सकाळपर्यंत बघू काय?

उत्तर: सकाळपर्यंत बघू नका. बोक्याची लघवी तुंबली की नेमकं असंच दिसतं, लोकांना बद्धकोष्ठ वाटतं, आणि एक-दोन दिवसांत बोका जातो. आत्ता न्या.

प्रश्न, येळ्ळूर: तेरा वर्षांची मांजर, भूक जबरदस्त, तरी हाडं दिसायला लागलीत आणि ओकते. जाऊबाई म्हणतात एक दिवस उपाशी ठेव.

उत्तर: उपाशी ठेवू नका. मांजर, त्यातही जाडं मांजर, दोन-तीन दिवस खाल्लं नाही तर लिव्हरमध्ये चरबी साठते आणि आजारात आजार होतो. म्हातारपणी खात असून वाळणं म्हणजे थायरॉइड, किडनी, साखर, आतडी यातलं काहीतरी. अंदाजानं मी सांगणार नाही, तुम्हीही लावू नका, रक्त-लघवी तपासा.

प्रश्न, खडेबाजार: ओकलेलं लगेच पुसून टाकतो. दाखवायला आणायचं असतं काय?

उत्तर: आधी फोटो काढा, बाजूला एक रुपयाचं नाणं ठेवून, म्हणजे आकार कळतो. केस, किडा, दोरा, रक्त असलं तर डबीत घालून आणा. डबी टाकाऊ घ्या, मागच्या महिन्यात एक काकू लोणच्याच्या डबीतून घेऊन आल्या आणि जाताना डबी परत मागितली.