दोघांनाही ८१ गुण, मग कॅमेरा कोणता घ्यायचा?

प्रश्न : लग्नाच्या ऑर्डर घ्यायला नुकतीच सुरुवात केली आहे. सेकंडहँडमध्ये कॅनन ५डी मार्क ३ आणि निकॉन डी३२०० असे दोन कॅमेरे समोर आहेत. कॅमेरे तपासून गुण देणाऱ्या डीएक्सओमार्क या संस्थेच्या सेन्सर चाचणीत दोघांनाही ८१ गुण आहेत. मग कॅननसाठी इतके जास्त पैसे का मोजायचे? (सांगली)

उत्तर : ८१ हा आकडा तीन वेगवेगळ्या चाचण्या एकत्र करून काढलेला आहे, आणि तुमच्या कामाचं उत्तर त्या तीन आकड्यांत आहे. पहिली चाचणी रंगांच्या खोलीची. त्यात कॅनन २४.० बिट, निकॉन २४.१, म्हणजे बरोबरी. दुसरी डायनॅमिक रेंजची, म्हणजे एकाच फोटोत सर्वांत उजळ भागापासून सर्वांत गडद भागापर्यंत किती स्टॉप टिपता येतात याची (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). तिथे निकॉन १३.२ आणि कॅनन ११.७, म्हणजे स्वस्तातला कॅमेरा चक्क दीड स्टॉप पुढे. तिसरी कमी प्रकाशाची, म्हणजे आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) किती चढवला तरी फोटो चांगला राहतो याची. तिथे कॅनन आयएसओ २२९३ आणि निकॉन ११३१. हा फरक जवळपास एका पूर्ण स्टॉपचा आहे. बेरीज सारखी असलेल्या दोन मार्कशीट असाव्यात, पण एकाचं गणित पक्कं आणि दुसऱ्याचं संस्कृत, तसं हे आहे.

यामागची कारणंही समजून घ्या. ५डी मार्क ३ च्या फुल फ्रेम, म्हणजे जुन्या फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरचं क्षेत्रफळ डी३२००च्या सेन्सरच्या सुमारे २.४ पट असतं. एक्स्पोजर तेच ठेवलं तरी मोठ्या सेन्सरवर एकूण प्रकाश जास्त पडतो, म्हणून नॉइज, म्हणजे फोटोतले दाणे, कमी दिसतो. याउलट त्या काळातल्या कॅननमध्ये सेन्सरकडून येणाऱ्या सिग्नलचं डिजिटल रूपांतर सेन्सरच्या बाहेरच्या चिपवर होत असे. त्या वाटेत मिसळणारा नॉइज आयएसओ १०० ला सावल्यांमध्ये उघडा पडतो. सावली तीन-चार स्टॉप उचलली की पट्टे दिसू लागतात. कासच्या पठारावर भर दुपारी ट्रायपॉड लावून आयएसओ १०० वर काम करायचं असेल, तर सेन्सरपुरता निकॉन सरस आहे. मंगल कार्यालयात आयएसओ ३२०० वर काम करायचं असेल, तर कॅनन घ्या.

लग्नासाठी खरा निकाल मात्र या आकड्यांच्या बाहेरच लागतो. ५डी मार्क ३ मध्ये ६१ फोकस पॉइंट आहेत, डी३२०० मध्ये ११. कॅननमध्ये दोन कार्ड बसतात, निकॉनमध्ये एकच. मंगलाष्टकं संपतानाची अक्षता पुन्हा टाकायला सांगता येत नाही, आणि कार्ड खराब झालं तर गिऱ्हाइकाला ८१ गुण दाखवून उपयोग नाही. डी३२०० च्या बॉडीत फोकसची मोटरही नाही. त्यामुळे स्वतःची मोटर नसलेल्या जुन्या एएफ-डी लेन्स स्वस्तात मिळाल्या तरी त्यांवर हाताने फोकस करावा लागेल.

प्रश्न : माझ्या कॅमेऱ्याला ९१ गुण आहेत, नव्या मॉडेलला ९६. बदलावा का? (नाशिक)

उत्तर : फक्त गुणांसाठी बदलू नका. या मोजपट्टीवर १५ गुण म्हणजे साधारण एक स्टॉप, तेव्हा ५ गुण म्हणजे एक तृतीयांश स्टॉप. एक्स्पोजर डायलची एक टिचकी! कॅमेऱ्यासोबत येणारी किट लेन्स ५० मिमीच्या आसपास एफ ५.६ पर्यंतच उघडते (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं). त्याऐवजी ५० मिमी एफ १.८ लावली की तीन स्टॉपहून जास्त प्रकाश मिळतो. गुणांच्या भाषेत हा पंचेचाळीसहून मोठा फरक झाला, फक्त फोकसची खोली उथळ होते, म्हणजे स्पष्ट दिसणारा पट्टा अरुंद होतो, हे लक्षात ठेवा.

प्रश्न : निकॉन डी८५० ला १०० गुण मिळाले, म्हणजे १०० पैकी १०० का? आणि १४ बिटच्या फाइलमध्ये त्याची १४.८ स्टॉपची डायनॅमिक रेंज कशी मावते? (पुणे)

उत्तर : ही मोजपट्टी शंभरावर संपत नाही. हॅसलब्लाड एक्स१डी ला १०२ आहेत. दुसरा प्रश्न फार नेमका आहे, कारण एका बिटात साधारण एकच स्टॉप मावतो. जाहीर होणारे आकडे ८ मेगापिक्सेलच्या प्रिंटवर आणून मोजलेले असतात, म्हणजे ८ बाय १२ इंच, ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके). डी८५० चे ४५ मेगापिक्सेल आकुंचित करून ८ वर आणले की शेजारच्या पिक्सेलची सरासरी होते, नॉइज दबतो आणि सुमारे सव्वा स्टॉप वाढतो. एकेका पिक्सेलचा हिशोब केला तर रेंज साडेतेराच्या आसपासच येते.

प्रश्न : मोबाइलला १५० च्या वर गुण, माझ्या डीएसएलआरला ८४. मोबाइल जास्त चांगला? (मडगाव)

उत्तर : दोन्ही मोजपट्ट्या वेगळ्या आहेत, तुलनाच करू नका. सेन्सरची चाचणी रॉ, म्हणजे प्रोसेसिंग न झालेल्या फाइलवर होते. मोबाइलच्या चाचणीत प्रोसेसिंग झालेला फोटो, ऑटोफोकस, झूम, व्हिडिओ असं सगळं मोजलं जातं.

प्रश्न : घरच्या घरी दोन कॅमेऱ्यांची तुलना कशी करावी? (कोल्हापूर)

उत्तर : रात्री करा. दिवसा एक ढग आला तरी चाचणी फुकट जाते. टेबलावर काळी छत्री, रंगीत खण आणि स्टीलचा डबा ठेवा, एकच दिवा लावा. ट्रायपॉड, दोन सेकंदांचा टायमर, मॅन्युअल मोड, रॉ, आयएसओ १००, एफ ५.६, व्हाइट बॅलन्स ठरलेला. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद करायला विसरू नका. डब्यावरची चमक जेमतेम जळणार नाही असं एक्स्पोजर धरा. ते १ सेकंद येईल अशा अंतरावर दिवा ठेवा. मग फक्त शटर बदलत १/२, १/४, १/८, १/१५, १/३० असे फोटो घ्या. शेवटचा फोटो पाच स्टॉप काळा असेल.

सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फोटो तितकेच स्टॉप उजळ करा, नॉइज रिडक्शन शून्यावर ठेवा आणि दोन्ही कॅमेऱ्यांचे फोटो ३६०० बाय २४०० पिक्सेलवर आणा. इथे बहुतेकांची चूक होते. शंभर टक्के झूम करून पाहिलं की जास्त मेगापिक्सेलचा कॅमेरा उगाच वाईट दिसतो. छत्रीच्या घड्या पाहा. बारीक दाणे खपतात, पण आडवे-उभे पट्टे प्रिंटमध्येही टोचतात, आणि एकूण गुणांवरून ते कळत नाहीत.

जाता जाता १/३० वरच आयएसओ ३२०० ठेवून आणखी एक फोटो घ्या. तो आणि पाच स्टॉप उचललेला फोटो सारखेच दिसले, तर त्या कॅमेऱ्यात आयएसओ चढवून सावल्यांना काही मिळत नाही, उलट उजळ भाग लवकर जळतो. समईच्या उजेडातले फोटो काढताना आयएसओ कमी ठेवून नंतर उजळ करायला मग हरकत नाही.

प्रश्न : चांगले गुण असलेला मिररलेस घेतला, तरी हॉलमध्ये फोटोंवर आडवे पट्टे येतात. सेन्सर खराब आहे का? (ठाणे)

उत्तर : बहुधा नाही. सायलेंट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर चालू आहे का पाहा. त्यात सेन्सर ओळीओळीने वाचला जातो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे हॉलमधले बरेचसे एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. काही ओळी मंद क्षणी वाचल्या जातात, काही प्रखर. मेकॅनिकल शटर वापरा आणि वेग १/१०० किंवा १/५० ठेवा. स्टेजवरच्या रंगीत एलईडींची लुकलुक मात्र वेगळ्या गतीची असू शकते. तिथे पाहुणे येण्याआधी वेगवेगळ्या शटरवर दहा-बारा फोटो काढून बघा, आणि त्यानेही पट्टे गेले नाहीत तर फ्लॅश लावा.