विमान कुणाच्या हाती?

प्रश्न : मुलीकडून मुंबईहून परतताना दारं लावून आम्हाला अर्धा तास विमानात बसवून ठेवलं. पायलट म्हणाला, ‘एटीसीची परवानगी नाही.’ हे एटीसी म्हणजे टॉवरमधला एक माणूस का? इतकी विमानं तो एकटा कशी सांभाळतो?
— एक निवृत्त शिक्षिका, जुळे सोलापूर

उत्तर : बाई, एकटा असता तर मी पेन्शनपर्यंत पोचलोच नसतो! एटीसी म्हणजे ‘एअर ट्रॅफिक कंट्रोल’, विमानांची वाहतूक सांभाळणारी आम्हा नियंत्रकांची यंत्रणा. मोठ्या विमानतळावर आमच्यात वाटण्या असतात. ‘डिलिव्हरी’वाला पायलटला मार्ग, उंची आणि रडारसाठी चार आकडी कोड देतो. इंजिन सुरू करणं, विमान मागे ढकलणं, टॅक्सीवेवरून, म्हणजे धावपट्टीकडे जाणाऱ्या रस्त्यावरून, नेणं हे ‘ग्राउंड’कडे. धावपट्टी मात्र एकट्या ‘टॉवर’ची. तिच्यावर साधी जीप न्यायची तरी ग्राउंडला त्याला विचारावं लागतं. विमान उडालं की ते विमानतळाभोवतीचं आकाश सांभाळणाऱ्या ‘ॲप्रोच’कडे आणि पुढे लांबचा प्रवास सांभाळणाऱ्या ‘एरिया’कडे जातं. ही मंडळी रडारच्या पडद्यासमोर बसतात, त्यांना विमान डोळ्यांनी दिसत नाही. माझी निम्मी नोकरी अशाच खोलीत गेली. बाहेर पाऊस आहे हे चहावाल्याच्या ओल्या डोक्यावरून कळायचं.

खरी कसोटी विमान एकाकडून दुसऱ्याकडे सोपवताना. सोलापुरात संक्रांतीच्या मिरवणुकीत नंदीध्वज, ती मानाची उंच, जड काठी, हातबदल होताना तुम्ही पाहिला असेल. दुसऱ्यानं पुरता पेलल्याशिवाय पहिला सोडत नाही. आमचंही तसंच: पुढच्यानं ‘घेतलं’ म्हटल्याशिवाय विमान माझंच.

शब्दांनाही आम्ही फार जपतो. 27 मार्च 1977 ला स्पेनच्या टेनेरिफ बेटावर धुक्यात दोन जंबो विमानं धावपट्टीवरच धडकली, 583 माणसं गेली. उड्डाणानंतरचा मार्ग सांगताना टॉवरच्या तोंडून ‘टेकऑफ’ शब्द गेला होता आणि उड्डाणाची परवानगी नसतानाच एक विमान धावत सुटलं. तेव्हापासून ‘टेकऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा, एरवी ‘डिपार्चर’. शिवाय पायलटनं ती परवानगी जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची. तुम्ही पाढे म्हणून घ्यायच्या, तसंच.

आता तुमचा अर्धा तास. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी स्वतंत्रपणे विमानं सोडता येत नाहीत. उतरणारी आणि उडणारी विमानं बहुतेक वेळा एकाच पट्टीवर बसवायची. पुढे रांग लागली असेल तर इंजिनं चालू ठेवून रांगेत इंधन जाळण्यापेक्षा जागेवरच थांबवलेलं बरं. तुमचं तसंच झालं असावं, पण पायलटनं कारण सांगायला हवं होतं. नुसतं ‘एटीसी’ म्हटलं की प्रवासी शिव्या आम्हाला घालतात.

आणि हो, कमी वर्दळीच्या विमानतळावर डिलिव्हरी, ग्राउंड आणि टॉवर ही तिन्ही कामं एकच जण करतो. तिथं तुमचा अंदाज बरोबर आहे.