परंपरा कोणासाठी?

प्रश्न : जागतिकीकरणाच्या रेट्यात स्थानिक संस्कृती पुसल्या जात आहेत, असे एकीकडे म्हटले जाते, दुसरीकडे, त्याच जागतिकीकरणामुळे विस्मृतीत चाललेल्या परंपरांना नवसंजीवनी मिळाल्याचे दाखले दिले जातात. यांतले खरे काय?

उत्तर : दाखले दोन्ही बाजूंचे खरे असतात, घोटाळा होतो तो ‘परंपरा टिकली’ हे आपण कशावरून ठरवतो यात. मेक्सिकोत नोव्हेंबरच्या आरंभी मृतांच्या स्मरणाचा सण असतो. घरात दिवंगत आप्तांच्या तसबिरींपुढे झेंडूची फुले आणि मेणबत्त्या मांडायच्या, कबरी स्वच्छ करून त्यांच्यापाशी बसायचे, असा तो मुख्यतः कुटुंबाचा मामला. २०१५ साली एका गाजलेल्या गुप्तहेरपटाच्या सुरुवातीला या सणाची भव्य मिरवणूक मेक्सिको सिटीच्या रस्त्यांवरून जाताना दाखवली गेली. तशी मिरवणूक त्या शहरात निघतच नव्हती. पण चित्रपट पाहिलेले लोक ती शोधत येतील हे ओळखून २०१६ पासून ती खरोखरच काढली जाऊ लागली. पडद्यावरची कल्पना वर्षभरात ‘परंपरा’ झाली!

यात भेसळ झाली म्हणून हळहळण्याचे कारण मला दिसत नाही, कारण मूळ सणातही स्थानिक श्रद्धा आणि स्पॅनिश अमलात आलेले कॅथलिक दिनविशेष एकमेकांत मिसळलेले आहेतच. मात्र घरातली मांडणी पाहायला कोणी परका आला नाही, तरी ती होणारच, कारण ती ज्यांच्यासाठी आहे ते घरचेच आहेत. मिरवणुकीला प्रेक्षक लाभले नाहीत, तर ती पुढच्या वर्षी निघेल का, याची शंकाच आहे. परंपरेची वेळ, क्रम आणि आकार पाळणाऱ्यांऐवजी पाहणारे ठरवू लागले, की नुकसानीला सुरुवात झाली असे मी समजतो, मग गर्दी कितीही वाढलेली असो.

प्रश्न : मग युनेस्कोच्या वारसा-यादीत नाव गेल्याने संरक्षण मिळते का?

उत्तर : मानमरातब नक्की मिळतो. पण वर सांगितलेला सण २००८ पासून त्या यादीत आहे आणि मिरवणूक त्यानंतरची आहे. यादीपेक्षा रोजचा वापर मोठा, हे भाषांच्या बाबतीत अधिक स्पष्ट दिसते. जगातल्या सुमारे ७,००० भाषांपैकी निदान ४० टक्के धोक्यात असल्याचे युनेस्कोच सांगते. आणि त्यांतल्या पुष्कळ भाषा आज कोणी बंदी घातल्यामुळे नव्हे, तर मुलांचे पोट दुसऱ्या भाषेवर चालेल असे आईवडिलांना वाटल्यामुळे मागे पडत आहेत. न्यूझीलंडमध्ये माओरी भाषेची हीच गत होत असताना, १९८२ मध्ये ‘भाषेचे घरटे’ अशा अर्थाच्या नावाची बालकेंद्रे सुरू झाली, जेथे आजी-आजोबांच्या वयाची माणसे चिमुकल्यांशी खेळताना, जेवताना, त्यांना झोपवताना केवळ माओरीतच बोलत. त्या भाषेला अधिकृत दर्जा मिळाला तो त्यानंतर, १९८७ मध्ये. तोवर घरट्यांची ही रीत समुद्र ओलांडून हवाई बेटांवर पोहोचली होती आणि १९८४ पासून तेथली मुले तशाच केंद्रांत हवाईयन भाषेत बोलू लागली होती.